नखाएवढी चावी

मिस्त्रींनी आपल्या मुलाच्या थोबाडीत मारली ती सकाळी साडेअकरा वाजता, धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर, दहा-बारा माणसांच्या देखत. मुलगा एक्केचाळीस वर्षांचा होता.

बोट नुकतीच ओढून आणली होती. मासेमारीच्या होडीने दोर लावून तिला काठाशी आणलं तेव्हा मोटारीतून अजून धूर निघत होता आणि जळक्या रंगाचा वास पार तिकीटखिडकीपर्यंत पोचला होता. तलावाच्या मधोमध मोटार करकचून थांबली होती. वाऱ्याने बोट खडकांकडे लोटली, आणि दणका बसताच नर्सबाई फळीवरून खाली पडल्या. त्या रोज याच बोटीने पलीकडच्या दवाखान्यात कामाला जायच्या. त्यांचं मनगट मोडलं. मोडलेला हात छातीशी धरून त्या पायऱ्या चढत होत्या, चेहरा पांढराफटक पडलेला, आणि तरीही मागच्यांना सांगत होत्या, "ढकलू नका. सावकाश."

मिस्त्री शेडमधून काठी टेकत आले. कुणाला काय लागलं ते त्यांनी विचारलं नाही. सरळ मोटारीकडे पाहिलं, नाकाने वास घेतला आणि मुलाकडे वळले.

"कोरडी फिरवलीस ना! पाण्याबाहेर काढून फिरवलीस मोटार!"

"नाही अण्णा. पाण्याबाहेर एकदाही—"

तेवढ्यात हात उठला.

मुलाने गालाला हातसुद्धा लावला नाही. हातातली मोटार चालू करायची दोरी त्याने नीट गुंडाळली, पायरीवर ठेवली आणि तिकीटखिडकीसमोरून चालत रस्त्याला लागला. त्याच्या मागे मिस्त्री ओरडतच राहिले, "जा! जा, ठोंब्या! तेवढंच येतं तुला!"

ठोंब्या हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून एक नट तलावात पडला, तेव्हापासून. पुढे सगळा धक्काच त्याला ठोंब्या म्हणायला लागला. प्रेमाने म्हणायचे, पण म्हणायचे.

त्याची मोठी बहीण पायऱ्यांच्या वर पाना हातात घेऊन उभी होती. घरात तिला थोरली म्हणत. तिने सगळं पाहिलं. नर्सबाईंना तिने दवाखान्याच्या गाडीत बसवलं, बोट बांधली, मोटार उतरवून हातगाडीवर घातली. बोलली मात्र काहीच नाही.

थोरली अठ्ठेचाळीस वर्षांची. गेली तीस वर्षं ती बापाच्या शेडमध्ये बोटींच्या मोटारी दुरुस्त करत होती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बघायला आलेल्यांपैकी एकाचाही आवाज नीट नव्हता." काम चोख आणि तोंड फटकळ. फक्त बापापुढे ते तोंड बंद व्हायचं. आई गेल्यापासून घरात शांतता ठेवायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि शांतता ठेवायची म्हणजे अण्णांना बोलू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

ही मोटार थोरलीपेक्षाही वयाने मोठी होती. दोन सिलिंडरची, निळसर हिरव्या रंगाची. मिस्त्रींनी ती तरुणपणी एका बुडालेल्या बोटीवरून काढून जिवंत केली होती. कारखाना कधीच बंद पडला होता, सुटे भाग मिळत नव्हते, तरी मोटार दर वर्षी चालत होती. मिस्त्रींची सगळी शान तिच्यात होती. लांबून लोक ती बघायला यायचे आणि मिस्त्री त्यांना तेच ते ऐकवायचे. हिला ना पंखा, ना पाण्याची टाकी. ही तलावाचंच पाणी पिते. खाली बोट ढकलणाऱ्या पात्यांजवळ तोंड आहे, तिथून पाणी आत येतं. आत रबराचं पाकळ्यांचं चक्र फिरतं, ते पाणी नळीतून वर चढवतं. ते सिलिंडरभोवती फिरून मागच्या भोकातून धार होऊन बाहेर पडतं. धार दिसली की समजायचं, मोटार सुखात आहे. धार थांबली की दोन-तीन मिनिटांत तिची शेगडी होते.

म्हणून दर वर्षी हंगामाच्या आधी पंप उघडायचा, रबरी चक्र बदलायचं, नळी साफ करायची, आतला गाळ आणि क्षार काढायचे. गेली बारा वर्षं हे काम थोरली करत होती. या वर्षी मात्र मिस्त्री हट्टाला पेटले. "माझी मोटार आहे. मीच करणार." त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करायला ते तयार नव्हते. हातही थरथरायचा. थोरली म्हणाली, "मी शेजारी बसते." त्यावर त्यांनी तिला मासेमारांच्या डिझेल इंजिनावर पाठवून दिलं. ती गेली. भांडण्यापेक्षा जाणं सोपं होतं.

आता दुपारी दोन वाजता तीच मोटार तिच्यासमोर स्टँडवर टांगलेली होती, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिला अण्णांचा राग आला होता, हात उचलला म्हणून. पण भावाचाही आला होता. कोरडी फिरवलीच असेल यानं. बोट काठाला लावताना मोटार चिखलातून वर उचलून घेतली असेल, फिरतीच ठेवली असेल. बावीस वर्षं तीच बोट चालवतोय, तरी एवढी अक्कल नाही. आणि वर दोरी ठेवून निघून जातो, जसा काही राजाच. तिने झाकण असं उघडलं की ते घरंगळत भिंतीपर्यंत गेलं.

वरचा भाग बघून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. रंगाला फोड आले होते. सांध्यातलं गास्केट एका बाजूने जळून कोळसा झालं होतं. वरच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला पुसल्यासारखं चिकटलं होतं. पाण्याच्या वाटा तिने तारेने खरवडून पाहिल्या. थोडा क्षार होता, पण तुंबलेल्या नव्हत्या. म्हणजे पाणी खालूनच आलं नव्हतं. म्हणजे पंप.

तिने खालचे सहा बोल्ट सोडवले आणि गिअरचा भाग उतरवून बाकावर आडवा केला. कोरड्या फिरवलेल्या मोटारीचा पंप कसा दिसतो ते तिला पाठ होतं. रबर करपलेलं, पाकळ्या तुटलेल्या, तुकडे नळीत अडकलेले, आणि जळक्या टायरचा वास. तिने पंपाचं झाकण काढलं.

आतलं रबरी चक्र नवंकोरं होतं.

सहाच्या सहा पाकळ्या शाबूत. त्यांवर साधा ओरखडाही नाही. ग्रीस तसंच, पिवळं आणि स्वच्छ.

थोरलीने चक्राला बोट लावलं आणि दुसऱ्या हाताने मधला उभा दांडा फिरवला. दांडा फिरला. चक्र जागच्या जागी राहिलं. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मग तिने चक्र उचलून वर काढलं. दांड्याला एक छोटी खाच असते आणि चक्राच्या आतही तशीच. त्या दोन खाचांच्या मध्ये नखाएवढी पोलादी चावी बसते. तिच्यामुळेच दांडा चक्राला फिरवतो. ती खाच रिकामी होती. दांड्यावर त्या जागी चक्राची पितळी कड घासून घासून चकचकीत गोल उमटला होता.

पहिले काही दिवस कड घट्ट होती, म्हणून चक्र दांड्याबरोबर ओढलं जात असणार. थोडंफार पाणी चढत असणार. मग कड घासली, ढिली झाली आणि चक्र थांबलं.

"पडली असेल कुठेतरी," ती मोठ्याने म्हणाली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिने पंपाचं घर पुसून पाहिलं, चाळणी पाहिली, बोल्टांची ताटली चुंबकाने चाळली. मग मिस्त्रींच्या बाकाकडे गेली. नव्या चक्राचं पाकीट तिथेच पसरलेल्या कागदाखाली होतं. पाकिटाच्या कोपऱ्यात, पातळ प्लास्टिकमध्ये बंद, नवी चावी. आणि शेजारी, जुन्या काढलेल्या चक्राच्या पोटात, ग्रीसला चिकटलेली, जुनी चावी.

दोन्ही तिथेच. दोहोंपैकी एकही मोटारीत गेली नव्हती.

थोरली बाकावर बसली. थोबाडीत बसलेला तो आवाज तिला परत ऐकू आला. आणि मग तिला राग आला, असा की तिचे कान गरम झाले.

मिस्त्री घरात खुर्चीवर बसले होते, रेडिओ लावून, चहाचा कप मांडीवर. शेडच्या मागचं दार थेट घरात उघडायचं. थोरलीने रेडिओ बंद केला आणि चक्र, पाकीट, जुनी चावी असं सगळं त्यांच्यासमोरच्या टेबलावर मांडलं.

"चावी बसवलीच नव्हती, अण्णा."

"काय?"

"पंपाची चावी. जुनी या चक्रात आहे, नवी या पाकिटात. मोटार कोरडी कुणी फिरवली नाही. तुम्ही पंप चावीशिवाय बंद केलात."

मिस्त्रींनी टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठोंब्याने काढली असेल."

"काय म्हणालात?"

"त्याला सवय आहे, जिथे तिथे हात घालायची."

"त्याने?" थोरलीचा आवाज चढला. "त्याने सहा बोल्ट काढून, गिअर उतरवून, पंप उघडून, चावी काढून, ती परत तुमच्या बाकावर आणून ठेवली? आणि नवी चावी पाकीट न फोडता आतल्या आत लपवली? बावीस वर्षांत तुम्ही त्याला या मोटारीचं झाकण तरी उघडू दिलंत का? पाना मागितला तरी हातावर मारायचात!"

"आवाज खाली कर."

"नाही करणार."

"शेड माझी आहे. पटत नसेल तर चालू लाग!"

"जाते! मग ती मोटार कोण उघडेल? तुम्ही?" तिने चक्र उचलून त्यांच्या हातात कोंबलं. चावी दुसऱ्या हातात दिली. "चला. उठा. बसवून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर."

मिस्त्रींनी कप भिरकावला. तो भिंतीला लागून फुटला. पण ते उठले. त्यांच्यातलं पाणी अजून आटलं नव्हतं. कुणी आव्हान दिलं की मागे हटायचं त्यांना माहीत नव्हतं. काठी न घेता, भिंतीला हात लावत ते शेडमध्ये गेले आणि बाकासमोर उभे राहिले.

पहिल्या वेळी चावी त्यांच्या बोटांतून निसटून जमिनीवर पडली. थोरलीने उचलून दिली. दुसऱ्या वेळी ती खाचेच्या बाजूला टेकली आणि बाकावर घरंगळली. मिस्त्रींना ते कळलं नाही. त्यांनी चक्र दांड्यावर सरकवलं, खाली दाबलं, अंगठ्याने थोपटलं आणि म्हणाले, "हे घे. बसली. डोळे बांधून करेन मी हे काम."

थोरलीने दांडा फिरवला. मग बापाचं बोट धरून चक्रावर ठेवलं आणि परत फिरवला.

बोटाखाली चक्र स्थिर होतं. मिस्त्रींनी बोट काढलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच दांडा फिरवून पाहिला, एकदा, दोनदा. मग बाकावर चाचपडत चावी शोधायला लागले. ती त्यांच्या मनगटाशेजारीच पडली होती. त्यांना सापडली नाही.

थोरलीला वाटलं होतं की हे बघितल्यावर आपला राग उतरेल. उतरला नाही. या माणसाने पस्तीस वर्षं प्रत्येक गोष्टीचं खापर एकाच डोक्यावर फोडलं होतं. त्या डोक्याने ते फोडू दिलं होतं. आणि ती स्वतः प्रत्येक वेळी हातात पाना घेऊन जवळपास उभी होती.

"कुणाला सांगू नकोस," मिस्त्री हळूच म्हणाले. "लोक मोटारी आणायचे बंद होतील."

"लोकांच्या देखत मारलंत," थोरली म्हणाली. "लोकांच्या देखतच सांगा. सांगेपर्यंत मी या मोटारीला हात लावणार नाही."

भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहायचा. संध्याकाळी पाच वाजता थोरली तिथे पोचली तेव्हा त्याची बायको दारातच शिवणयंत्रावर बसली होती. तिने यंत्र थांबवलं नाही.

"बसा म्हणत नाही ताई, माफ करा," ती म्हणाली. "माझा नवरा चाळिशी उलटलेला माणूस आहे. आमची मुलगी कॉलेजात आहे. तिला आज मैत्रिणीने फोन करून सांगितलं, तुझ्या बाबांना आजोबांनी मारलं म्हणून."

"मी त्याच्यासाठीच आलेय. त्याची चूक नव्हती."

"ते मला माहीत होतं. तुम्हाला आज कळलं का?"

भाऊ आतून आला. त्याने लाकडाच्या वखारीत काम बघितलं होतं, सोमवारपासून जायचं होतं. थोरलीने त्याला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चक्र, दांडा, दोन चाव्या. तिला वाटलं, तो चिडेल, नाहीतर सुटल्यासारखा हसेल. तो नुसता खिडकीच्या चौकटीला टेकला.

"धार पातळ होती," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मी अण्णांना म्हटलं, धार दर वर्षीसारखी नाही. ते म्हणाले, गप्प बस ठोंब्या, तुला काय कळतंय. मग मी गप्प बसलो."

"आणि तसाच माणसं घेऊन गेलास?"

"गेलो."

"चार दिवस?"

"चार दिवस. पाचव्या दिवशी नर्सबाईंचा हात मोडला."

"अरे मूर्खा!" थोरलीने भिंतीवर हात आपटला. "मला सांगायचंस! मी वीस पावलांवर होते! एक शब्द बोलला असतास तर मी तासाभरात पंप उघडला असता! नेहमीचं आहे तुझं. मूग गिळून बसायचं, मार खायचा आणि निघून जायचं. कुणी काही बोललं की निघून जायचं!"

"तुला सांगू?" पहिल्यांदाच त्याचा आवाज वर गेला, इतका की शिवणयंत्र थांबलं. "तुला काय सांगू, ताई? आज सकाळी तू तिथे होतीस ना? पायरीच्या वर? ते माझ्या तोंडात मारत होते तेव्हा? तू काय बोललीस? सांग ना. काय बोललीस?"

थोरलीने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा तो नट माझ्या हातून नाही पडला. तुझ्या हातून पडला. तू तेरा वर्षांची होतीस. आठवतंय? मी वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून. अजून बघतोय."

तिला आठवत होतं. इतकी वर्षं ती न आठवल्यासारखं करत आली होती, आणि त्यात पटाईत झाली होती. तिने 'मी लहान होते' म्हणायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, कारण लहान तोच होता.

"पडला होता," ती म्हणाली. "माझ्याच हातून."

"मग?"

"मग काय. मी भ्याले आणि गप्प बसले. तुझं नाव पडलं ते माझ्यामुळे."

वहिनीने दोरा तोडला आणि कापड बाजूला ठेवलं. "आता बसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, पण तिने खुर्ची पुढे सरकवली.

थोरली बसली नाही. ती तडक घरी आली आणि बापासमोर उभी राहून तीच गोष्ट सांगितली. मिस्त्री म्हणाले, "पस्तीस वर्षांपूर्वीचा नट? डोकं फिरलंय तुझं?" त्यावर तिने एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी धक्क्यावर ती स्वतःचं सांगणार आहे, त्यांचं त्यांनी ठरवावं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पासाचे पैसे परत घ्यायला तिकीटखिडकीसमोर रांग होती तेव्हा तिने ते सांगून टाकलं. एक म्हातारा मासेमार म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं भलत्यालाच ठोंब्या म्हणतोय?" कुणीतरी हसलं. थोरली हसली नाही.

मिस्त्री नऊ दिवस तोंड आवळून बसले. शेडमध्ये मोटार तशीच टांगलेली होती, पोट उघडं. पलीकडे जाणारे लोक रस्त्याने तीन तासांचा वळसा घालून जात होते आणि जाता-येता शेडकडे बघून बडबडत होते. थोरली इतरांच्या मोटारी दुरुस्त करायची, घरी स्वयंपाक करायची, बापाचं ताट वाढायची, आणि एक शब्द बोलायची नाही. मिस्त्रींनी दोनदा स्वतः काम करून बघितलं. तिने बाकावर स्क्रू सांडल्याचा आवाज ऐकला आणि जागची हलली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन धक्क्यावर गेले. माफी मागायची कशी हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं, त्यामुळे ते लोकांवरच ओरडले.

"ऐका! पंपाची चावी मी विसरलो. मी! मला दिसत नाही. पोराची काही चूक नव्हती. ऐकलंत? झालं समाधान?"

नर्सबाई तिथेच वळशाच्या गाडीची वाट बघत होत्या, हाताला प्लास्टर. त्या म्हणाल्या, "आमचं जाऊ द्या हो. त्यांना सांगितलंत का?"

"त्याला कळेलच."

"कळेल कसं? तुम्ही तोंडाने सांगितल्याशिवाय?"

मिस्त्री लालबुंद झाले. पण गेले. गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत काठी टेकत, मध्ये दोनदा रस्ता चुकत गेले, हे थोरलीला नंतर वहिनीने सांगितलं. दारात उभे राहून त्यांनी तेच वाक्य जवळजवळ तशाच आवाजात म्हटलं. भाऊ वखारीतून नुकताच आला होता, केसांत भुसा.

"ऐकलं," तो म्हणाला.

"मग उद्यापासून येतोस ना बोटीवर?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, अण्णा. आधी डोळ्याचं ऑपरेशन करा. मग बघू." आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. वहिनी म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, पण असा सूर तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

रविवारी मात्र तो शेडमध्ये आला. मिस्त्रींशी बोलला नाही. थोरलीला म्हणाला, "बावीस वर्षं ती चालवली. आतून एकदाही बघितली नाही. दाखव."

थोरलीने मग पुन्हा मोटारीला हात लावला. तीन रविवार गेले त्यात. चिकटलेला पिस्टन त्यांनी तेलात भिजवून, लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू मोकळा केला. सिलिंडरभोवतीच्या वाटांत व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं, सकाळी करडा गाळ धुऊन काढला. गास्केट थोरलीने तांब्याच्या पत्र्यातून स्वतः कापलं. काम करताना दोघं भांडली. तो बोल्ट फार घट्ट आवळतो म्हणून ती ओरडली. ती सतत पाना हिसकावून घेते म्हणून तो ओरडला. "अण्णांसारखी करू नकोस!" तो म्हणाला, आणि तिने पाना खाली ठेवला.

पंप त्याने बसवला. ग्रीस लावून चावी खाचेत ठेवली, चक्र वरून सरकवलं, दांडा उजवीकडे फिरवत फिरवत पंपाचं घर खाली उतरवलं, म्हणजे पाकळ्या बरोबर दिशेला वळतात. पाण्याची नळी तिच्या रबरी कडीत जाईपर्यंत त्याने आरसा धरून बघितलं. थोरली हात मागे बांधून उभी होती. तिला ते जड गेलं.

मिस्त्री दाराशी खुर्ची टाकून बसले होते. दोन दिवसांपूर्वीच ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती. पिंपात मोटार लावून चालू केली तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं, "धार कशी आहे?"

भावाने उत्तर दिलं नाही. थोरलीनेही दिलं नाही. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही. धार मात्र उत्तम होती, पेन्सिलीएवढी जाड, पिंपाच्या पलीकडे पडणारी.

पुढच्या महिन्यापासून भाऊ बोटीवर परत आला. त्याच्या दोन अटी होत्या, आणि त्या त्याने बापाला समोरासमोर सांगितल्या. एक, पंप तो स्वतः उघडणार. दुसरी, धक्क्यावर प्रत्येकाने त्याला खऱ्या नावाने हाक मारायची. मिस्त्रींना दोन्ही झोंबल्या. दुसरी त्यांना अजून नीट जमत नाही. ते 'अरे' म्हणून वेळ मारून नेतात.

पहिल्या फेरीला नर्सबाई आल्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. बोटीत चढताना त्यांनी त्याचा आधार घेतला नाही, पण बसल्या त्याच फळीवर. फक्त बसल्या त्या मागे तोंड करून, मोटारीच्या धारेकडे बघत. त्यांचं बघून शेजारचा वळला, मग त्याच्या पुढचा. तलावाच्या मधोमध पोचेपर्यंत सगळीच्या सगळी माणसं मागे तोंड करून बसली होती, टक लावून.

भावाने थोडा वेळ सहन केलं. मग त्याचं पित्त खवळलं.

"पुढे बघा हो सगळे!" तो ओरडला. "मी बघतोय!"

कुणीही वळलं नाही. आणि तोही, दर दोन मिनिटांनी मान वळवून, बघत राहिला.